जुन्या ग्राफिक्स कार्डाला जोडीदार आणायचा की एकच नवं घ्यायचं? या चुका टाळा

नागपुरात बर्डीवर कॉम्प्युटरच्या दुकानांत थोडा वेळ उभं राहिलं की हा प्रश्न हमखास कानावर पडतो : "भाऊ, माझ्याकडे जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आहे. तसंच अजून एक जुनं स्वस्तात मिळून राहिलं. दोन लावले तर स्पीड डबल होईल ना?"

नाही होणार. १०६० वर दोन कार्डं जोडायची सोयच नाही. एनव्हिडियाने २०१६ मध्ये हे कार्ड आणलं तेव्हाच त्यावरून एसएलआयचा, म्हणजे दोन कार्डं जोडायचा, कनेक्टर काढून टाकला होता. कार्डाच्या वरच्या कडेला दोन कार्डांना जोडणारा पूल (ब्रिज) बसवायचे सोनेरी दाते असतात. ते नसतील तर विषय तिथेच संपला. तरीही मुलं जुनी जोडी शोधत फिरतात, कारण यूट्यूबवर दोन-दोन, तीन-तीन कार्डांचे जुने व्हिडिओ अजून चालू आहेत.

जुन्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नका

एनव्हिडियाचं एसएलआय २००४ मध्ये आलं आणि त्याला उत्तर म्हणून एटीआयने (ही कंपनी पुढे एएमडीने घेतली) २००५ मध्ये क्रॉसफायर आणलं. बहुतेक गेम्समध्ये एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, पहिलं कार्ड काढायचं, पुढची दुसरं. कागदावर वेग दुप्पट, पण दोन फ्रेम्समधलं अंतर सारखं राहत नसल्यामुळे ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम्स) दिसत असूनही गेम अडखळल्यासारखा वाटायचा. पुढे गेम्सच बदलले. आताचं टीएए किंवा डीएलएसएस (चित्र सुधारायची तंत्रं) मागच्या फ्रेममधली माहिती वापरून पुढची फ्रेम बनवतं. म्हणजे दुसऱ्या कार्डाला पहिल्याचं काम होईपर्यंत ताटकळत बसावं लागतं. मग दोन कार्डांचा फायदा काय उरला?

कंपन्यांनीही हात काढून घेतले. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेत दोन कार्डं जोडायचा कनेक्टर फक्त ३०९० आणि ३०९० टीआयवर होता, ४० मालिकेत कशावरच नाही. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने नव्या गेम्ससाठी ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) एसएलआय प्रोफाइल, म्हणजे त्या-त्या गेमसाठीची सेटिंग, देणं बंद केलं. एएमडीच्या २०१९ च्या आरएक्स ५७०० मध्येही क्रॉसफायर नव्हतं. डायरेक्टएक्स १२ ने (विंडोजमध्ये गेम आणि कार्ड यांना जोडणारं सॉफ्टवेअर) ही जबाबदारी गेम बनवणाऱ्यांवर सोडली आणि त्यातल्या फारच थोड्यांनी ती उचलली. आरएक्स ५८० ची जोडी आजही लावता येते, पण आजच्या बहुतेक गेम्समध्ये दुसरं कार्ड नुसतं वीज खात बसतं.

मेमरीची बेरीज करू नका

४ जीबी अधिक ४ जीबी म्हणजे ८, असं दुकानदारही बिनदिक्कत सांगतात. गेममध्ये तसं होत नाही. दोन्ही कार्डांवर तीच टेक्स्चर्स (गेममधल्या वस्तूंवरची चित्रं) साठवावी लागतात, त्यामुळे वापरायला चारच उरतात. तुमचा गेम मेमरी अपुरी पडल्यामुळे अडकत असेल, तर दुसरं कार्ड लावूनही तो तिथेच अडकेल.

स्लॉट लांब दिसला म्हणजे झालं, असं समजू नका

स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बऱ्याच मदरबोर्डांवर खालचा दुसरा स्लॉट दिसायला पहिल्याइतकाच लांब असतो. त्यात टॉर्च मारून बघा. पिना अर्ध्याच्या आधीच संपत असतील आणि पुढचं प्लास्टिक रिकामं असेल, तर तो बहुधा एक्स४ चा, म्हणजे चार लेनचा (लेन म्हणजे डेटा जायची वाट), स्लॉट आहे. कार्ड बसेल, पण चारच लेनवर चालेल. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बस इंटरफेसची ओळ असते. तिच्या शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून कार्डाला थोडं काम द्या आणि मग आकडा वाचा, कारण रिकामं असताना कार्ड लिंकचा वेग कमी करून बसलेलं असतं.

नवं एकच कार्ड घेतानाही लेन बघाव्या लागतात. आरएक्स ६५०० एक्सटी चारच लेनचं आहे. पीसीआयई ३.० (कार्डाच्या स्लॉटची जुनी पिढी) च्या जुन्या बोर्डावर लावलं तर त्याचा वेग चांगलाच पडतो, आणि स्वस्तात अपग्रेड शोधणारे बहुतेक जण अशाच जुन्या बोर्डावर असतात.

एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि नागपूरचा उन्हाळा हिशेबात धरा

एक आरएक्स ५८० साधारण १८५ वॅट खातं. दोन लावली तर ३७० झाले, त्यावर प्रोसेसर आणि बाकी सगळं. ४५० वॅटच्या एसएमपीएसवर ही जोडी चालवणं म्हणजे मशीन मध्येच बंद पडायची वाट बघणं. आरटीएक्स ४०६० मात्र ११५ वॅटमध्ये चालतं आणि एका ५८० च्या कितीतरी पुढे आहे. जास्तीचे २०० वॅट रोज चार तास धरले तर महिन्याला २४ युनिट होतात. उन्हाळ्यात कूलर-एसीने महावितरणचा स्लॅब आधीच चढलेला असतो, त्यात ही भर.

पण बिलापेक्षा मोठी भानगड उष्णतेची आहे. कार्ड किती तापेल हे खोली किती तापली आहे यावर ठरतं. २५ अंशांच्या एसी खोलीत ६८ अंशांवर शांत राहणारं कार्ड पंख्याचा वेग तोच ठेवला तर ४० अंशांच्या खोलीत साधारण ८३ ला जातं. जीटीएक्स १० मालिकेतली बरीच कार्डं ८३ ला पोचली की आपला वेग कमी करू लागतात. बाहेर पारा ४५ च्या पुढे असताना वरच्या मजल्यावरच्या खोलीत ४० ही काही अतिशयोक्ती नाही. थंड स्टुडिओत बसून केलेल्या रिव्ह्यूतले आकडे आपल्याकडे मे महिन्यात लागू पडत नाहीत. त्यात दोन कार्डं एकाखाली एक लावली की वरचं कार्ड खालच्याची गरम हवाच ओढत राहतं. आधी मरतं तेही बहुधा वरचंच.

यावर उपाय म्हणून काही जण कूलरची धार थेट कॅबिनेटवर सोडतात. हे अजिबात करू नका. ती हवा ओली असते, बोअरच्या पाण्यातले क्षार आणि धूळ तिच्याबरोबर आत जातात, आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये राखाडी लगदा बसतो. तो ब्लोअरनेही धड निघत नाही. कूलर खोली थंड करायला ठेवा, कॅबिनेट त्याच्या धारेपासून दूर ठेवा आणि समोरची खिडकी उघडी असू द्या.

दोन कार्डं कुठे खरंच कामाची

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्सवर रेंडर करणाऱ्यांना दुसऱ्या कार्डाने वेळ जवळपास निम्म्यावर येतो. मात्र साध्या जोडणीत पूर्ण सीन प्रत्येक कार्डाच्या मेमरीत मावला पाहिजे. एआयची भाषा-मॉडेल्स घरच्या मशीनवर चालवणाऱ्यांची गोष्ट वेगळी : तिथे मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटता येतात, त्यामुळे १२ जीबीची दोन कार्डं मिळून २४ जीबीचं काम करतात. दाविंची रिझॉल्व्हवर एडिटिंग करणाऱ्यांनी आधी आपली आवृत्ती बघावी. विंडोजवर फुकटची आवृत्ती एकच जीपीयू (कार्डावरची ग्राफिक्स चिप) वापरते, दुसऱ्यासाठी पैसे भरून स्टुडिओ घ्यावी लागते. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांनी हे कार्ड घ्यायच्या आधीच तपासलेलं बरं. आणि फक्त तीन मॉनिटर लावायचे म्हणून दुसरं कार्ड घेऊ नका, आजची बरीचशी कार्डं एकटीच चार मॉनिटर चालवतात.

दोष कार्डाचाच आहे ना?

गेम अडकतो म्हणून कार्ड बदलायला निघालेल्यांतल्या अनेकांचं कार्ड ठीकच असतं. एमएसआय आफ्टरबर्नर लावा आणि खेळताना जीपीयूचा वापर बघा. ९७-९९ टक्के असेल तर कार्ड खरंच कमी पडतंय. ६० टक्क्यांवर घुटमळत असेल आणि रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणूनही एफपीएस हलत नसेल, तर अडचण बहुधा प्रोसेसरची किंवा रॅमची आहे. रॅमची एकच स्टिक लावलेली असेल तर आधी दुसरी घ्या, एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू करा. एवढ्यानेच काही मशीन सुधारतात आणि कार्डाचे पैसे वाचतात.

नवं कार्ड लावल्यावर डिस्प्लेच येत नाही?

सगळ्यात आधी मॉनिटरची केबल बघा. ती सवयीने मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावलेली सापडते. मग कार्डाच्या पॉवरच्या वायरी. दोन सॉकेट असतील तर दोन वेगळ्या वायरी लावा, एकाच वायरीची दोन तोंडं नकोत. मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीच लावू नका. पिना सारख्या दिसल्या तरी आतली जोडणी वेगळी असते आणि कार्ड जळू शकतं. जुन्या बोर्डावर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागू शकतं. एएमडीवरून एनव्हिडियावर किंवा उलट जाताना जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने पुसून टाका. इंटेलचं आर्क कार्ड घेतलं असेल तर बायोसमध्ये रिसायझेबल बार ही सेटिंग चालू हवी, नाहीतर चांगलं कार्डही रडत चालतं.

कार्ड घेताना पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी पहिली विचारणा त्याचीच होते. सेकंडहँड घेत असाल तर दुकानातच अर्धा तास फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण टाकणारी चाचणी) चालवून दाखवायला सांगा, आणि दुकानदार नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.