चुरचुरणाऱ्या गालासाठी ब्रश निवडताना

मी स्वतंत्रपणे मेकअप केलेली पहिली नवरी मिरजेची होती. हॉलच्या मागच्या खोलीत, मुहूर्ताला दीड तास उरलेला, मी तिच्या गालावर ब्लश लावत होते. ती दोनदा म्हणाली, "ताई, चुरचुरतंय हो." मला वाटलं, लग्नाची धाकधूक. तिसऱ्यांदा तिने मानच मागे घेतली. ओल्या कापसाने गाल पुसला तर खाली बारीक लाल रेघा उमटलेल्या, आणि त्याही ब्रश ज्या दिशेने फिरला त्याच दिशेने. लग्नाआधीच्या ट्रायल मेकअपला तेच फाउंडेशन चाललेलं होतं, ब्लशही. ट्रायलनंतर बदलला होता तो फक्त ब्रश. नवरीसाठी म्हणून मी मुद्दाम नवीन संच घेतला होता, साडेचारशे रुपयांत 24 ब्रश.

या कामात नव्याने येणाऱ्या मुली मला पॅलेट कोणती घेऊ, फाउंडेशन कोणतं घेऊ हे विचारतात. ब्रशबद्दल क्वचितच कुणी विचारते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दुकानात मी तो संच बोटांनी चाचपून घेतला होता, आणि फसले ते तिथेच. बोटांची कातडी जाड असते, रोज थ्रेडिंगचा दोरा ओढणाऱ्या बोटांची तर आणखीच. आमच्या सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' इथेच उभं केलं. नाटकांना रंगभूषा करण्यात हयात गेलेले एक काका मला इथेच भेटले. त्यांना तो प्रसंग सांगितला तेव्हा ते म्हणाले, "बोट काय सांगणार? बोटाला घट्टे पडलेत. पापणीवर फिरवून बघ." तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. दुकानात मनगटाच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरून हलकेच गोल फिरवायचा. घरी आणून धुऊन वाळवला की मिटलेल्या पापणीवर आणि मग कानाखाली मानेवर. कुठेही एक जरी केस टोचला तरी तो ब्रश चेहऱ्याच्या कामातून बाद. माझ्याकडे असे बाद ब्रश भरपूर आहेत. सांडलेली पावडर झाडायला ते वापरते.

टोचतो का, हे केसाच्या टोकावर ठरतं. चांगल्या ब्रशचा प्रत्येक केस टोकाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे तो त्वचेला लागला की वाकतो. स्वस्त ब्रशला घुमटाचा आकार देण्यासाठी केस वरून कातरलेले असतात. कातरलेलं टोक बोथट आणि कडेला धारदार राहतं, दाढी केल्यावर दुसऱ्या दिवशी खुंट खरखरीत लागतात तसं. डोळ्यांनीही हे ओळखता येतं. ब्रश पांढऱ्या कागदासमोर धरा, मोबाइलचा कॅमेरा मोठा करून टोकं बघा. निमुळत्या टोकांचा कडेचा भाग धुरकट, विरत गेल्यासारखा दिसतो. कातरलेल्याची कड कुंच्यासारखी सरळ संपते. सपाट डोक्याच्या काबुकी ब्रशमध्ये, म्हणजे दाट केसांच्या जाड ब्रशमध्ये, हे नीट तपासा, कारण त्यातले सगळे केस एका पातळीत आणायचे म्हणून कात्री लागण्याची शक्यता जास्त.

आता कृत्रिम की नैसर्गिक? संवेदनशील त्वचेसाठी माझं मत ठाम आहे, कृत्रिमच घ्या. बकरीच्या किंवा खारीच्या केसाला सूक्ष्म खवले असतात. त्यात पावडर छान धरली जाते, पण तेल, मळ आणि आधीच्या चेहऱ्याचं उरलंसुरलंही अडकतं. नायलॉन किंवा पॉलिस्टरचा तंतू गुळगुळीत असतो, क्रीम शोषून घेत नाही, लवकर धुतला जातो आणि लवकर वाळतो. शिवाय एखाद्या नवरीला प्राण्यांच्या केसांची अॅलर्जी असेल तर तोही प्रश्न उरत नाही. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. मुंगसाच्या केसांचा ब्रश कुणी कितीही मऊ म्हणून दाखवला तरी घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुंगसाच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे.

केसांइतकंच लक्ष त्या धातूच्या पट्टीकडे द्या, जी केस आणि दांडा जोडते. काहींवर निकेलचा मुलामा असतो आणि निकेल अनेकांना सोसत नाही. नवरीला विचारा, खोट्या दागिन्यांनी कान चिघळतात का? घड्याळाच्या मागच्या झाकणाखाली खाज येते का? हो म्हणाली तर पट्टी गालाला टेकणार नाही असा लांब केसांचा ब्रश काढा. रंगवलेल्या केसांची परीक्षा सोपी आहे. ब्रश कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या टिश्यूवर दाबा. रंग उतरला किंवा दोन धुण्यांनंतरही उग्र वास राहिला तर परत करा.

इतकं करूनही चुरचुरलं तर ब्रशमुळे की क्रीममुळे, हे शोधायला ट्रायलच्या दिवशी एक गोष्ट करा. जबड्याच्या एका बाजूला तेच फाउंडेशन स्वच्छ धुतलेल्या बोटाने थोपटा, दुसऱ्या बाजूला ब्रशने लावा, आणि वीसेक मिनिटं थांबा. दोन्हीकडे आग झाली तर फाउंडेशन बदला. फक्त ब्रशच्या बाजूला झाली तर ब्रश, किंवा त्यात राहिलेला साबण. ही साबणाची शंका मला उशिरा आली. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, वडीच्या साबणाचा त्यात फेस होत नाही, पांढरा चोथा केसांच्या मुळाशी बसतो आणि वाळल्यावर ब्रश राठ होतो. लहान मुलांचा बिनवासाचा शाम्पू वापरायला लागले आणि शेवटचं खळबळणं पिण्याच्या पाण्यात करायला लागले, तेव्हा जुनेच ब्रश नव्यासारखे मऊ झाले.

हात कसा चालतो हेही ब्रशइतकंच महत्त्वाचं. आपल्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लागते. सांगलीसारख्या हळदीच्या गावात तर हौसेने लागते, आत्या-मावश्या चोळून चोळून लावतात आणि मग तितक्याच जोराने उतरवतात. त्याच्या आगेमागे थ्रेडिंग झालेलं असतं, कधी ब्लीचही. म्हणजे सकाळी आपल्यासमोर बसते ती मुलगी आधीच सोलवटलेली त्वचा घेऊन बसते. तिथे मऊ ब्रशनेही घासायचं नाही. दांडा शेवटाकडे धरा, म्हणजे जोर आपोआप कमी होतो, आणि थोपटत जा. गाल फारच लाल असेल तर मी फाउंडेशनला ब्रश लावतच नाही, नवा ओला स्पंज घेते. बुकिंगच्या वेळीच नवरीच्या आईला सांगून ठेवते, काकू, चेहऱ्याला हळद दुधात कालवून नुसती टेकवा, चोळू नका, आणि ब्लीच आठवडाभर आधी. बहुतेक आया ऐकतात.

इसब उमललेला असेल, त्वचा ओलसर असेल किंवा ओठाशी पाण्याचे फोड असतील तर त्या जागेला हात लावू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा आणि तेवढा भाग पदर, केस, दागिना यांनी कसा झाकेल ते बघा.

सुरुवातीला सहा ब्रश पुरतात. एक मोठा विरळ केसांचा पावडरचा, एक फाउंडेशनचा, एक ब्लशचा, दोन डोळ्यांचे, एक ओठांचा. संचातल्या पैशात दोन-तीनच येतील, तरी दर महिन्याला एकेक सुटा घ्या. लग्नाच्या कामात प्रत्येक चेहऱ्याला धुतलेला ब्रश हवाच, त्यामुळे पुढे याच सहांचे दोन जोड करा. करवलीच्या गालावरचा ब्रश तसाच नवरीला लावू नका. घरी स्वतःसाठी वापरणाऱ्यांनीही आठवडा-दहा दिवसांत एकदा धुवावा.

धुताना केस खाली, दांडा वर. पट्टीत पाणी शिरलं तर आतला गोंद सुटतो, मग केस गळतात आणि सुटलेला केस फाउंडेशनखाली चिकटून टोचत राहतो. टॉवेलवर दाबून टिपा, पिळू नका. टेबलाच्या कडेला दांडा आत आणि केस बाहेर असे आडवे ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेकाठची हवा इतकी दमट असते की जाड ब्रशला दीड दिवसही लागतो, आणि ओला मिटून ठेवला तर कुबट वास धरतो. पहाटे साडेचारला निघायचं असेल तर आदल्या रात्री धुऊन चालत नाही. निघताना काबुकी चिमटीत मुळाशी दाबून बघा. गार लागला तर आत ओल आहे, तो घरीच ठेवा.