फ्रॅटर्निटीत सही करण्याआधी: इलिनॉयला नव्याने आलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी

दरवर्षी सप्टेंबर उजाडला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. आवाज दबका. "अहो, पोरगा फ्रॅटर्निटीत जायचं म्हणतोय. तिथे नुसती दारूच पितात ना?" दुसरा फोन बरोबर उलटा: "तिथे गेलं की पुढे नोकऱ्या लागतात म्हणे. कुठली चांगली?" फ्रॅटर्निटी म्हणजे अमेरिकन कॉलेजातल्या मुलांची, ग्रीक अक्षरांच्या नावाची, बऱ्याचदा एका घरात राहणारी सभासद-संघटना. आपल्या मंडळींत याविषयी एवढी दोनच मतं आहेत, आणि ती ठामपणे मांडणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्या घराची पायरी चढलेली असते. मी कॉलेजात असताना एका चॅप्टरचा, म्हणजे फ्रॅटर्निटीच्या कॅम्पसवरच्या शाखेचा, सभासद होतो, पुढे त्याचा खजिनदार झालो, आणि आता ते घर ज्या संस्थेच्या मालकीचं आहे तिच्या बोर्डावर आहे. म्हणजे बिलं मी भरलीही आहेत आणि पाठवलीही आहेत. त्यामुळे इथे पैशाबद्दल जास्त बोलणार आहे. तेच कुणी सांगत नाही.

रश (नवे सभासद निवडायचे दिवस), बिड (सभासद होण्याचं आमंत्रण), बिग ब्रदर (नव्याला सांभाळणारा जुना सभासद), इनिशिएशन (दीक्षाविधी) हे सगळं तुमचा मुलगा आठवड्याभरात शिकेल, त्यात वेळ घालवत नाही. एवढंच लक्षात ठेवा की रशच्या दिवसांत सगळेच गोड बोलतात. घर बघायचं तर ऑक्टोबरमधल्या एखाद्या मंगळवारी संध्याकाळी बघा.

ही प्रथा जुनी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजमध्ये १८२५ साली कप्पा अल्फा सोसायटी निघाली, तिथून हे लोण पसरलं. आपल्या मिडवेस्टात ओहायोच्या मायामी युनिव्हर्सिटीने बीटा थीटा पाय (१८३९), फाय डेल्टा थीटा (१८४८) आणि सिग्मा काय (१८५५) अशा तीन मोठ्या संघटना दिल्या. त्यांतल्या बहुतेक कित्येक दशकं गोऱ्या, ख्रिस्ती मुलांपुरत्याच होत्या. हे रशमध्ये कुणी सांगत नाही, पण भिंतीवरचे जुने ग्रुप फोटो, ज्यांना इथे कॉम्पोझिट म्हणतात, ते वर्षांच्या क्रमाने बघत गेलं की आपोआप कळतं. म्हणूनच कॉर्नेलमध्ये १९०६ साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा काढली, आणि नव्वदच्या दशकात दक्षिण आशियाई मुलांनी आपापल्या काढल्या: पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत सिग्मा बीटा रो (१९९६), ऑस्टिनला डेल्टा एप्सिलॉन साय (१९९८), यूसीएलएला बीटा काय थीटा (१९९९).

या देशी फ्रॅटर्निटींची बहुधा स्वतःची मोठी घरं नसतात, त्यामुळे खर्च कमी. आईबाबांना त्या सुरक्षितही वाटतात. आपलीच मुलं आहेत, काय करणार? इथे मी हात जोडून सांगतो, असं समजू नका. २०१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजचा मायकल डेंग हा पहिल्या वर्षाचा मुलगा पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोच्या डोंगरात भाड्याने घेतलेल्या घरी जबर जखमी झाला आणि मग दवाखान्यात मेला. डोळ्यांवर पट्टी, पाठीवर जड पिशवी, आणि अंधारात एकेक 'भाऊ' येऊन त्याला जमिनीवर लोळवत होता. तो बेशुद्ध पडल्यावर दवाखान्यात न्यायला खूप उशीर केला. ती फ्रॅटर्निटी, पाय डेल्टा साय, आशियाई अमेरिकन मुलांची होती. पुढे मुलांवर तर खटले झालेच, पण ती राष्ट्रीय संघटनासुद्धा गुन्हेगार ठरली आणि कोर्टाने तिला त्या राज्यात दहा वर्षं बंदी सुनावली. पेन स्टेटचा टिमथी पियाझा (२०१७) जुन्या, प्रतिष्ठित फ्रॅटर्निटीत जीव गमावून बसला. दोन्हीकडे कारण एकच: जखमी मुलासाठी वेळेवर फोन करायला कुणी धजावलं नाही.

२०२४ च्या डिसेंबरात हेझिंग, म्हणजे नव्या सभासदांच्या रॅगिंगविरुद्धच्या केंद्रीय कायद्यावर सही झाली. त्यानुसार कोणत्या संघटनेने नियम मोडले याचा अहवाल कॉलेजांना जाहीर करावा लागतो. कॉलेजच्या साइटवर तो शोधा आणि मुलासोबत बसून वाचा. मुलाला एक वाक्य पाठ करायला लावा: कुणी शुद्धीवर येत नसेल तर नऊशे अकरा या आणीबाणीच्या नंबरवर फोन, आणि नंतर ज्याला काय म्हणायचं ते म्हणू दे.

आता पैसे. नवीन माणसाला वाटतं फ्रॅटर्निटी म्हणजे एक संस्था. प्रत्यक्षात तुम्ही तीन वेगळ्या खिशांत पैसे घालत असता. पहिला चॅप्टर, म्हणजे तुमच्या कॅम्पसवरची मुलं. दर सहामाहीची वर्गणी त्यांची. त्यातून कार्यक्रम, टी-शर्ट, फॉर्मल म्हणजे सूट-बूट घालून करायची पार्टी. दुसरी राष्ट्रीय संघटना. ती नव्या सभासदाची फी, इनिशिएशनची फी आणि दरडोई विम्याचा हप्ता घेते. तिसरी हाउस कॉर्पोरेशन, म्हणजे माजी सभासदांनी चालवलेली, घराची मालक असलेली कंपनी. खोली आणि जेवणाचे पैसे शेवटी तिच्याकडे जातात, आणि सगळ्यात मोठा आकडा तोच. घर नसलेल्या चॅप्टरात सहामाहीला काहीशे डॉलरमध्ये भागतं. घर असलेल्यात बाहेर राहणाऱ्यालाही हजाराच्या पुढे बिल येऊ शकतं, कारण रिकाम्या खाटांचा भार उरलेल्यांवर वाटला जातो. बिड घेण्याआधी खजिनदाराला विचारा: गेल्या वर्षी घरात किती खाटा रिकाम्या होत्या? या प्रश्नावर तो चाचरला तर समजा.

हे तीन खिसे वेगळे आहेत हे न कळल्यामुळे आमच्या ओळखीतल्या एका मुलाचं जे झालं ते मी भेटेल त्याला सांगतो. नाशिकचा हुशार मुलगा. शरदात फ्रॅटर्निटीत गेला. थँक्सगिव्हिंगच्या आधी एका रविवारच्या सभेत पुढच्या वर्षीच्या घराचे लीज, म्हणजे भाडेकरार, वाटले गेले. पुढचा मुलगा सही करून पेन मागे देत होता, मागचा वाट बघत होता, यानेही केली. वसंतात मन उडालं. सभांना जाणं बंद केलं, मित्रांना सांगितलं, "आय ॲम आउट," आणि दोन मराठी मुलांबरोबर अपार्टमेंट घेतलं. ऑगस्टमध्ये घरभाड्याचं पहिलं बिल आलं. वडिलांनी नाशिकहून सल्ला दिला, "दुर्लक्ष कर, तू तर सोडलंयस." सोडलं होतं चॅप्टर, आणि तेही तोंडी. लीज होतं हाउस कॉर्पोरेशनबरोबर. दुसरं बिल आलं, तिसरं आलं, मग वसुली एजन्सीचं पत्र. पोराच्या क्रेडिट रिपोर्टवर पहिली मोठी नोंद झाली तीच. त्याच्या लीजवर जामीन म्हणून सही केली होती शिकागोजवळ ऑरोराला राहणाऱ्या मामांनी, आणि मामांचंही घराचं रिफायनान्स अडकलं. दोन घरांत आजही बोलणं बेताचंच आहे.

आपल्याकडे गणपती मंडळाची वर्गणी दिली नाही तर फार तर कार्यकर्ते चार दिवस तोंड फिरवतात. इथे हसतमुख चेहऱ्याने तुमची थकबाकी वसुली एजन्सीला विकतात. अमेरिकन माणूस कागदाआधी जितका मोकळा असतो तितकाच कागदानंतर पक्का असतो, आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. मला सुरुवातीला हा दांभिकपणा वाटायचा. आता वाटतं, निदान कुठे उभे आहोत ते कळतं.

तेव्हा, लीज सभेत सही करायचं नाही. "घरी वाचतो" म्हणायचं आणि घरी आणायचं. कॉलेजात स्टुडंट लीगल सर्व्हिसेस असेल तर तिथल्या वकिलाला दाखवायचं. आपण भरलेल्या फीमधूनच ती सेवा चालते आणि आपली मुलं तिचं नावही ऐकून नसतात. सोडायचं असेल तर तिन्ही ठिकाणी वेगवेगळं, लेखी कळवायचं: चॅप्टरच्या अध्यक्षाला, राष्ट्रीय कार्यालयाला आणि हाउस कॉर्पोरेशनला. आणि लवकर. इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे भाडेकरू निघून गेल्यावर मालकाने नुकसान कमी करायचा वाजवी प्रयत्न करायला हवा. मार्चमध्ये कळवलंत तर तुमच्या खोलीत दुसरा मुलगा बसवता येतो. ऑगस्टमध्ये कुठून आणणार? बोर्डावर बसून सांगतो, मार्चमध्ये ईमेल पाठवणाऱ्या मुलाला आम्ही बहुतेक वेळा मोकळं करतो. गप्प बसणाऱ्याला नाही करू शकत, कारण बॉयलरचा हप्ता आमचाही थांबत नाही.

एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर आणखी एक खड्डा आहे. घरात हाउस मॅनेजर, स्ट्यूअर्ड (जेवणाची व्यवस्था बघणारा), कधी खजिनदार अशी पदं असतात आणि त्यांच्या बदल्यात भाडं किंवा जेवण माफ होतं. अमेरिकन मुलाला यात काहीच वावगं नाही, म्हणून तो प्रेमाने तुम्हाला देऊ करतो. पण कामाच्या बदल्यात फुकट खोली म्हणजे मोबदलाच, आणि फ्रॅटर्निटीचं घर सहसा या व्हिसावर चालणाऱ्या ऑन-कॅम्पस नोकरीत बसत नाही. परवानगीशिवाय काम केलं असं ठरलं तर स्टेटस, म्हणजे व्हिसाचा दर्जा, जातं. पद हवं असेल तर घ्या, भाड्याची किंवा जेवणाची माफी घेऊ नका, आणि आधी इंटरनॅशनल ऑफिसातल्या डीएसओला, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा. दारूचंही तसंच. वयाची अट एकवीस आहे. पोलिसांनी पकडलं आणि पुढे प्रकरण मिटलं तरी व्हिसाच्या फॉर्मवर "कधी अटक झाली होती का" याचं उत्तर आयुष्यभर 'हो' राहतं. पिऊन गाडी चालवताना पकडलं तर नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो.

विम्याबद्दल थोडक्यात. दरडोई हप्ता भरता म्हणून तुमचं संरक्षण आहे असं नाही. त्या पॉलिसीत नियम मोडणाऱ्या सभासदाला वगळण्याची सोय असते. अल्पवयीनांना दारू दिली, हेझिंग केलं, की राष्ट्रीय संघटनेचा वकील त्याच्या बाजूने नाही, समोर उभा राहतो. मग फिर्यादीचे वकील भरपाईसाठी अमेरिकन सभासदांच्या आईबापांच्या घराच्या विम्याकडे वळतात. तुमच्याकडे तोही नसतो.

जेवण. आचारी बहुधा सोमवार ते शुक्रवार असतो. शनिवार-रविवार फ्रिजमध्ये उरलेला पास्ता आणि एक मोठा मोहरीचा डबा, म्हणजे मस्टर्ड, फोडणीची नव्हे. शाकाहारी असाल तर आचाऱ्याला स्वतः जाऊन भेटा, स्ट्यूअर्डमार्फत निरोप देऊ नका. आमच्या वेळच्या आचारीणबाईंनी एकदा समजावून सांगितल्यावर राजम्यात बेकन घालणं बंद केलं, आणि नंतर माझ्यासाठी वेगळं भांडं ठेवायला लागल्या. पहिल्या वर्षाच्या मुलांना मात्र हव्या त्या घरात राहता येत नाही. शॅम्पेन-अर्बानाला इलिनॉय युनिव्हर्सिटीने मान्यता दिलेलीच घरं चालतात, तेव्हा यादी तपासा.

एवढं सगळं वाचून वाटेल, मग जाऊच नये. माझं मत तसं नाही. एकोणीस वर्षांच्या पोराला साठ जणांचं अंदाजपत्रक सांभाळायला देणारी दुसरी जागा मला माहीत नाही. रविवारी संध्याकाळी सभा भरते, अध्यक्ष हातोडी आपटतो, सभा चालवायच्या रॉबर्टच्या नियमांप्रमाणे ठराव मांडला जातो, आणि तुम्ही उभे राहून आपल्याच मित्राला सांगता की त्याच्या पार्टीसाठी पैसे नाहीत. आपली मुलं खजिनदारकीला उभी राहिली की बऱ्याचदा निवडून येतात, आणि हिशोब चांगले ठेवतात. फक्त एक गोष्ट विसरतात: चॅप्टर करमुक्त असला तरी दरवर्षी आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याला, कागद द्यावाच लागतो. उलाढाल पन्नास हजार डॉलरच्या आत असेल तर नऊशे नव्वद-एन नावाचा छोटा ऑनलाइन फॉर्म पुरतो. सलग तीन वर्षं चुकला की करमाफी आपोआप रद्द. दरवर्षी खजिनदार बदलतो, पासवर्ड जुन्याकडे राहतो, आणि तिघांनाही वाटतं आधीच्याने भरला असेल.

माजी सभासदांविषयी आपल्या लोकांची अपेक्षा भाबडी असते. होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला, कुणी आजोबा येतील, खांद्यावर हात ठेवतील आणि शिकागोत नोकरी देतील. तसं होत नाही. ते आजोबा येतात, आपल्या वर्षाच्या कॉम्पोझिटमध्ये स्वतःला शोधतात, दोन मेलेल्या मित्रांची नावं घेतात आणि मॅच बघायला जातात. ओळख होते ती कामातून. गळकं छप्पर, नवीन बॉयलर, आग विझवणाऱ्या फवाऱ्यांची तपासणी अशा कटकटींसाठी ज्या मुलाने पंचवीस माजी सभासदांना फोन केले, नीट पत्र लिहिलं, पैसे कुठे गेले त्याचा हिशोब परत पाठवला, त्या मुलाचं नाव त्यांच्या लक्षात राहतं. पुढे तो मुलगा इंटर्नशिपसाठी ईमेल करतो तेव्हा उत्तर येतं. लिंक्डइनवर नुसती ग्रीक अक्षरं लावून फिरणाऱ्यांना येत नाही. आणि आपल्यातले कित्येक जण पदवी मिळाल्या दिवसापासून चॅप्टरला ओळख देत नाहीत, मग दहा वर्षांनी पुतण्यासाठी फोन करतात.

पुढेमागे देणगी द्यावीशी वाटली तर चेक कुणाच्या नावाने आहे ते बघा. चॅप्टर आणि हाउस कॉर्पोरेशन सहसा सोशल क्लब म्हणून नोंदलेले असतात, त्यांना दिलेल्या पैशावर करसवलत नाही. सवलत मिळते ती फ्रॅटर्निटीच्या शैक्षणिक फाउंडेशनला दिलं तर, पण फाउंडेशनचा पैसा शिष्यवृत्तीला किंवा अभ्यासिकेला जातो, बिअरच्या फ्रिजला किंवा छपराला नाही. तुम्हाला छपरासाठीच द्यायचं असेल तर हाउस कॉर्पोरेशनला द्या आणि रिटर्नमध्ये त्याची वजावट मागू नका.