थंडी पडली म्हणून पाच किलो बाजरी दळू नका

पहाटे पांघरूण सोडवेनासं झालं की आमच्या घरची किराण्याची यादी लांबायला लागते. बाजरी, तीळ, गूळ, डिंक, खारीक, साजूक तूप. फराळाचे डबे नुकते कुठे घासून ठेवलेले असतात, तरी दिवेलागणीला काहीतरी गरमागरम, तुपकट हवंच असतं. त्या भुकेत यादी करायची नाही. मी केली, म्हणून सांगतेय.

गेल्या वर्षी पाच किलो बाजरी एकदम दळून आणली. पहिला आठवडा झक्कास गेला. भरीत, लसणाची चटणी, वर लोण्याचा गोळा. तिसऱ्या आठवड्यात भाकरी कडू लागायला लागली. आधी तव्याला बोल लावला, मग लसणाला. बिघडलं होतं पीठ. बाजरीत स्निग्धांश गव्हा-ज्वारीपेक्षा जास्त असतो आणि दळल्यावर तो लवकर खवट होतो. अख्खी बाजरी मात्र कोरडी ठेवली तर महिनोन्‌महिने टिकते. म्हणून धान्य हवं तेवढं भरा, दळण आठ-दहा दिवसांचंच. किलोभरासाठी गिरणीवाला तोंड वाकडं करतो, करू दे. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाऊन भाकरी कडेला चिरत असेल तर उकळतं पाणी घालून मळा, थापता येईल. कडवटपणा मात्र कशानंच जात नाही, ते पीठ टाकायचंच.

गुळाचा घोळ दर संक्रांतीला होतो. तिळाच्या कडक लाडवांना चिक्कीचा गूळ, गुळपोळीला साधा. उलट झालं की लाडू मऊ बसतात आणि पोळीतलं सारण दगड होतं. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून ताटलीवर आपटा. टण्‌ वाजला तर झाला. आणि पिवळाधमक गूळ बघून भुलू नका, तो रंग बऱ्याचदा हायड्रोस हे रंग उजळवणारं रसायन घालून आणलेला असतो.

डिंकाचे लाडू दाताला चिकटतात, कारण मोठे खडे तसेच तळले जातात. बाहेरून फुलतात, आत कच्चे. खडे बारीक करून ऊन दाखवा, तूप चांगलं तापवा, मग मध्यम आचेवर थोडे थोडे सोडा. फुललेला खडा चिमटीत दाबला की भुगा व्हायला हवा.

मटारची पहिली आवक महाग असते, पण दम निघत नाही. किलोभर शेंगा सोलल्या की दाणे निम्म्याहूनही कमी निघतात, हे तेवढं भाव विचारताना आठवावं. भाव उतरले की साठवणीचे घ्या आणि त्याच दिवशी सोला. तोडल्यावर दाण्यातली साखर पिठूळ होत जाते. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, कोरडे करून फ्रीझरला. मेथी मात्र धुऊन ठेवू नका, दोन दिवसांत सडते.

दही लागत नाही म्हणून विकतचे डबे आणणंही थंडीतच सुरू होतं. दूध नेहमीपेक्षा जरा गरम, विरजण चमचाभर जास्त, आणि भांडं टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात. सकाळी पातळच दिसलं तर ढवळू नका, विरजणही वाढवू नका. भांडं तासभर कोमट पाण्यात बसवा, बहुतेक वेळा लागतं.