शुगर निघालेल्या माणसाला आजार समजावून सांगताना

सातारा जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी बीपी-शुगरच्या पेशंटना समुपदेशन करते. माझ्या टेबलापर्यंत माणूस पोचतो तेव्हा त्याच्या हातात रिपोर्ट असतो, गोळ्यांची पिशवी असते आणि मनात एकच गोष्ट पक्की असते: आता गोड बंद. बाकी काहीच कळलेलं नसतं. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, पण बाहेर रांग उभी असताना दोन मिनिटांत जन्मभराचा आजार कुणाच्या डोक्यात शिरणार? म्हणून घरातल्या लेकी-सुनांसाठी, आशाताईंसाठी आणि या कामाला नव्याने बसणाऱ्या सिस्टरांसाठी हे लिहिते आहे. समजावून कसं सांगायचं आणि समोरच्याला खरंच समजलं की नाही हे कसं ओळखायचं, एवढंच यात आहे.

पहिली गोष्ट, "समजलं का?" असं विचारू नका. "व्हय सिस्टर" हेच उत्तर येणार. नाही म्हणणं म्हणजे अडाणीपणा, असं आपल्या माणसांना वाटतं. त्याऐवजी असं विचारा: "मावशी, घरी गेल्यावर सूनबाई विचारेल, काय म्हणाले डॉक्टर? तर तिला काय सांगाल?" मग गप्प बसा आणि ऐका. मध्ये शब्द पुरवू नका. मावशी म्हणाल्या, "साखर वाढलीय, गोळी घ्यायची, बरं वाटलं की बंद करायची," की आपलं काम कुठे बाकी आहे ते लगेच दिसतं. तेव्हा "अहो, आत्ताच तर सांगितलं" म्हणायचं नाही. "हे माझ्याकडून नीट सांगायचं राहिलं बघा," म्हणायचं आणि वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगायचं. मग पुन्हा त्यांच्याकडून ऐकायचं. एका भेटीत तीनच गोष्टी सांगा, चौथी पुढच्या वेळी.

गोळ्यांचंही तसंच. "गोळ्या घेता ना?" हा प्रश्न निकामी आहे. पिशवी टेबलावर रिकामी करायला लावा आणि "सकाळची कुठली, ती दाखवा" म्हणा. सरकारी पुरवठ्यात कंपनी बदलली की पाकिटाचा रंग बदलतो, आणि वाचता न येणाऱ्या आजींसाठी ती नवी गोळी होते. मग जुनी आणि नवी अशी एकच गोळी दोनदा घेतली जाते. मी पेनाने पाकिटावर सूर्य किंवा चंद्र काढून देते. जेवणाआधीची असेल तर रिकामं ताट, नंतरची असेल तर भाकरी असलेलं ताट. घरी हे कुणालाही जमेल.

आता आजार सांगायचा कसा? आमच्याकडे शेताला रात्री दारं धरायला जाणारी माणसं आहेत, त्यांना मी पाटाचं सांगते. पाट भरून वाहतोय, पण सरीच्या तोंडाशी गाळ बसलाय, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. रक्त हा पाट, शरीराचे स्नायू ही सरी, आणि दारं मोडून पाणी आत सोडणारा गडी म्हणजे इन्सुलिन. पाट तुडुंब, पण पीक मात्र सुकतंय. म्हणून शुगर वाढलेली असते तरी अंगात त्राण नसतं आणि वजन उतरतं. पोटावरची चरबी हा गाळ वाढवते, चालण्याने तो कमी होतो. आणि बरीच वर्षं जास्तीचं काम केलेला गडी हळूहळू दमतो, म्हणून काही वर्षांनी औषध वाढवावं लागतं. एवढं कळलं की "गोळीची सवय लागते" ही भीती निम्मी उतरते. गोळीमुळे आजार वाढत नाही, आजार पुढे सरकतो म्हणून गोळी वाढते.

यानंतर हमखास येणारा प्रश्न: "मी एवढा बारीक, मला कशी झाली?" याचं उत्तर पुण्यातच सापडलेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'द लॅन्सेट'मध्ये स्वतःचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, दोघांचा बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी, ही आपल्या लोकांची ठेवण. म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका, टेप घ्या.

टेप कुठे धरायचा ते महत्त्वाचं. परकराच्या नाडीशी किंवा पँटच्या पट्ट्याशी नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड चाचपा, दोन्हींच्या मध्यावर टेप ठेवा, श्वास सोडल्यावर मोजा. पोट आत ओढू देऊ नका. बाईचा घेर ८० सेंटिमीटर आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटर झाला की धोका सुरू होतो.

हा आकडा घेऊन घरातल्या बाकीच्यांचेही गुण मांडा. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००५ साली भारतीयांसाठी एक सोपी पद्धत दिली, तिला रक्त लागत नाही. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, पन्नाशी गाठली की ३०. कमरेचा घेर बाईचा ८० ते ८९ किंवा पुरुषाचा ९० ते ९९ असेल तर १०, त्यापुढे २०. नियमित व्यायामही आणि कष्टाचं कामही असेल तर शून्य, दोन्हींतलं एकच असेल तर २०, काहीच नसेल तर ३०. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा जास्त झाली तर धोका मोठा, त्या माणसाची रक्ततपासणी करून घ्या. पेशंटसोबत आलेल्या चाळिशीतल्या मुलाची बेरीज मी तिथेच करायला लावते. वडिलांच्या रिपोर्टकडे तो त्यानंतर वेगळ्या नजरेने बघतो. तिशी ओलांडलेल्या कुणाचीही शुगर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासून मिळते.

या बेरजेत न येणाऱ्या दोन गोष्टी मी आवर्जून विचारते. एक, गरोदरपणात शुगर वाढली होती का? बाळ झाल्यावर ती उतरते आणि सगळे विसरतात, पण त्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका बराच जास्त असतो. बाळंतपणानंतर दीड महिन्याने तपासणी आणि पुढेही ठरावीक काळाने, हे तिच्या सासूलाही सांगा, कारण दवाखान्यात पाठवायचं की नाही हे अनेक घरांत अजून सासू ठरवते. दुसरी गोष्ट मशेरी. "तंबाखू खाता का?" विचारलं तर बाया नाही म्हणतात. "दात कशाने घासता?" विचारा. शुगर असताना तंबाखू म्हणजे हृदयाला आणि पायाच्या रक्तवाहिन्यांना दुप्पट ताप.

"मी दिवसभर राबते, मला कशाला व्यायाम?" असं म्हणणाऱ्या बाईशी वाद घालू नका. "काल सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत काय काय केलंत?" एवढंच विचारा. सांगता सांगता तिचं तिलाच दिसतं की भांगलण संपून महिना झाला, पाणी नळाला येतं, दळण गाडीवर जातं. दमणं वेगळं आणि अंग हलणं वेगळं.

धोका सांगताना टक्के वापरू नका, शंभरातली माणसं सांगा. शुगर काठावर आलेल्या, पण अजून मधुमेह न झालेल्या लोकांवर डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने चेन्नईत अभ्यास केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नेहमीचा सल्ला मिळालेल्या शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांच्या पाठी लागून चालणं आणि खाण्यातले बदल करून घेतले, त्यांच्यात ३९ जणांना. म्हणजे शंभरामागे सोळा माणसं वाचली. चालूनही ३९ जणांना झालाच, हेही लपवू नका. नाहीतर प्रयत्न करूनही शुगर वाढलेला माणूस स्वतःला गुन्हेगार समजतो आणि दवाखान्यात यायचं सोडतो.

रिपोर्टमधले आकडे थोडक्यात. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ६.५ किंवा जास्त, म्हणजे मधुमेह. काही त्रास जाणवत नसेल तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करतात. उपाशीपोटी म्हणजे बिनसाखरेचा चहासुद्धा नाही, फक्त पाणी. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी लोक अर्धपोटी राहतात आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून खूश होतात. एचबीएवनसी तीन महिन्यांची सरासरी सांगते, तिथे एका दिवसाचा उपास चालत नाही. ७ म्हणजे सरासरी साधारण १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. मात्र बाईच्या अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो, आणि सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असलेल्यांत तो भरवशाचा नसतो. विदर्भातल्या आणि आदिवासी भागातल्या सिस्टरांनी हे डॉक्टरांच्या कानावर घालावं.

खाण्याबद्दल एकच सांगते: यादी हातात देऊ नका, कालचं ताट विचारा. गूळ आणि मध साखरेसारखेच शुगर वाढवतात. भाकरी चांगली, पण तीन भाकऱ्या म्हणजे पिठाचा ढीगच. चार भाकऱ्या खाणाऱ्याला "एकच खा" म्हटलं तर तो दोन दिवसांत सगळंच सोडून देतो. "एक कमी करा, त्या जागी उसळ आणि काकडी" हे टिकतं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि वर केळं म्हणजे उपास नव्हेच. आणि खरंच काही न खाता उपास करणार असाल, तर त्या दिवशीच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारा.

त्याचं कारण म्हणजे शुगर उतरणं. घरच्यांना वाढलेल्या शुगरची भीती असते, उतरलेली ओळखू येत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि जेवण चुकलं, की दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, माणूस विनाकारण चिडतो किंवा असंबद्ध बोलतो. वारीत चालताना, लग्नात पंगत लांबली की, ऊसतोडीच्या दिवसांत हे घडतं. शुगर ७० च्या खाली असेल, किंवा मशीन नसेल आणि नुसती शंका असेल, तरी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच पाजा. बिस्किट नको, चॉकलेट नको, ते हळू चढतं. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच. बरं वाटल्यावर जेवण. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात थेंबही घालू नका, १०८ ला फोन करा. हे सगळं मी घरच्या माणसाकडून करून दाखवायला लावते, चमचा आणि पेला हातात देऊन. "गोड बंद" इतकं घट्ट बसलेलं असतं, की अशा वेळीही साखर द्यायला लोक कचरतात. कंडक्टर असो, शेतमजूर असो, खिशात साखरेची पुडी हवीच.

इन्सुलिन सुरू झालं की सिरिंजचं टोपण बघा. आपल्याकडच्या साध्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) असतात, त्यांना लाल टोपणाची सिरिंज. केशरी टोपणाची १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी असते. यांची गल्लत झाली तर डोस अडीच पटीने चुकतो, एकीकडे शुगर उतरते, दुसरीकडे वाढतच राहते. बाटली फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीही नको, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं. फ्रीज नसेल तर बाटली कोरड्या पिशवीत बांधून ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ठेवा. उघडलेली बाटली साधारण महिनाभर वापरायची. उघडल्याची तारीख लेबलवर लिहायला मी त्यांच्याच हातात पेन देते.

पायांची तपासणी घरची नातवंडंही करू शकतात. आजोबांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा ठिकाणी बोटाच्या टोकाने अलगद एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. स्पर्श कळला की त्यांनी डावा की उजवा ते सांगायचं. दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पायांची संवेदना गेली आहे असं समजून डॉक्टरांना दाखवा, आणि त्या दिवसापासून अनवाणी चालणं बंद, देवळाच्या तापलेल्या फरशीवरसुद्धा. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून खडा बघायचा. भोवरी ब्लेडने कापायची नाही. पाय शेकायचे नाहीत, कढत पाण्यात तर नाहीच.

वर्षातून एकदा डोळ्यांत औषध घालून पडदा तपासणं, लघवीतली प्रथिनं, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि कोलेस्टेरॉल. रक्तदाब दर भेटीत. नजर चांगली असली तरी पडद्याची तपासणी टाळू नका, तिथली सुरुवात पेशंटला जाणवत नाही. पुढची तारीख मी केसपेपरवर लिहून थांबत नाही. "मावशी, पुढच्या वेळी काय काय तपासायचंय?" विचारते, आणि त्यांनी सांगितलं की मगच पुढच्या पेशंटला आत बोलावते.