तळपायाची आग आणि व्हीएचं रेटिंग : या चुका टाळा

आपल्याकडे रागाने तळपायाची आग मस्तकाला जाते. आमच्या शेजारच्या अमेरिकन आजोबांची तळपायातच राहते. रात्री पांघरूण नुसतं टेकलं तरी पाय झटकतात. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या काळात ज्याने व्हिएतनाममध्ये पाय ठेवला, त्याचा टाइप २ मधुमेह एजंट ऑरेंज या तिथे फवारलेल्या तणनाशकामुळेच झाला असं व्हीए, म्हणजे अमेरिकेचं माजी सैनिकांचं खातं, धरून चालतं. गोळ्या आणि पथ्यावर आजोबांना २० टक्के रेटिंग, म्हणजे भरपाईसाठी धरलेली अपंगत्वाची टक्केवारी, मिळालं आणि ते गप्प बसले.

मधुमेहाने जडलेलं नसांचं दुखणं, म्हणजे न्यूरोपथी, त्या २० टक्क्यांतच आलं, हा त्यांचा समज. त्याचं रेटिंग वेगळं असतं, तेही प्रत्येक पायाचं, प्रत्येक हाताचं स्वतंत्र. पायांत नुसत्या मुंग्या, आग, बधिरपणा असेल तर सौम्यला १०, मध्यमला २०. त्यावर जायचं तर ताकद कमी झालेली किंवा स्नायू झिजलेले तपासणीत दिसावे लागतात.

पुढची चूक फॉर्म भरताना मीच करणार होते. न्यूरोपथीचं कारण म्हणून 'एजंट ऑरेंज' लिहिलं. त्या वाटेने जायचं तर ती संपर्कानंतर वर्षभरात किमान १० टक्के इतकी झालेली हवी. यांचे पाय बधिर झाले काही दशकांनी! खोडून 'मधुमेहामुळे' लिहिलं.

इन्सुलिन सुरू झालं की ४० टक्के, असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. इन्सुलिन आणि पथ्याच्या जोडीला, साखर सांभाळण्यासाठी दगदगीची कामं आणि खेळ टाळा, असं वैद्यकीय कागदावर हवं. आता मधुमेह्याला हालचाल कमी करा म्हणणारा डॉक्टर कुठून आणायचा? म्हणून कितीतरी जण २० वर अडकतात.

व्हीएच्या तपासणीला "कसं काय?" विचारल्यावर आजोबा "मजेत" म्हणाले. दुखणं अंगावर काढणारा माणूस. चप्पल पायातून निसटते आणि दहा पावलांनी कळतं, हे त्यांनी मला अंगणात सांगितलं, तपासणाऱ्याला नाही. असं सगळं चिठ्ठीवर लिहून न्या.

आणि बेरीज शाळेतली करू नका. मधुमेह २०, दोन्ही पाय २०-२०, म्हणजे ६० नव्हे. आधी पाय : २०, मग उरलेल्या ८० चे २० टक्के, झाले ३६. दोन्ही बाजूंचे म्हणून त्यात त्याच्याच एक दशांशाची भर, साधारण ४०. मग मधुमेह : उरलेल्या ६० चे २० टक्के १२. एकूण ५२, जवळच्या दहावर आणलं की हाती ५०.

कागद जमवत बसण्याआधी 'क्लेम करणार आहे' एवढी सूचना व्हीएला देऊन ठेवा. वर्षभरात पूर्ण अर्ज गेला आणि मंजूर झाला, तर पैसे सहसा त्या सूचनेच्या तारखेपासून धरतात.