मुलाला बोर्डिंगला घालताय? आधी प्रीफेक्टबद्दल बोला

इंग्लंडात नुकते आलेले आपले लोक बोर्डिंग शाळेबद्दल विचारतात तेव्हा फी, युनिफॉर्म, गार्डियन सगळं विचारतात, पण प्रीफेक्टबद्दल कोणीच विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

प्रीफेक्ट म्हणजे बहुतेक ठिकाणी अप्पर सिक्स्थची (शाळेचं शेवटचं वर्ष), १७-१८ वर्षांची मुलं. जेवणाच्या रांगेवर लक्ष ठेवायचं, संध्याकाळी प्रेपला (शाळेतच बसून करायचा होमवर्क) धाकट्यांना गप्प बसवायचं, लाइट्स आउटला (रात्री दिवे बंद करायची वेळ) डॉर्ममध्ये फेरी मारायची, ही त्यांची कामं. साताऱ्याच्या सैनिक स्कूलला किंवा पाचगणीला शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.

हे प्रकरण जुनं आहे. थॉमस अर्नोल्ड १८२८ ते १८४२ रग्बी शाळेचे हेडमास्तर होते, त्यांनी सिक्स्थ फॉर्मच्या मुलांवर शिस्तीची मोठी जबाबदारी टाकली आणि पुढे बऱ्याच शाळांनी तेच उचललं. सोबत फॅगिंग होतंच, म्हणजे लहान मुलाने मोठ्याचे बूट पुसायचे, टोस्ट भाजून द्यायचा, निरोप पोचवायचे, आणि वर मोठ्याच्या हातात छडी. आता ते राहिलं नाही. १९९९ पासून इथल्या प्रायव्हेट शाळेतही मारायला कायद्याने बंदी आहे, शिक्षकालाही, मग प्रीफेक्ट कोण लागून गेला!

तरीही माझ्या मुलाच्या बाबतीत झालंच. अकरा वर्षांचा, इयर सेव्हनला. पहिल्या हाफ-टर्मला (सत्राच्या मधली सुट्टी) घरी आला तेव्हा टक बॉक्समधला (खाऊची पेटी) चिवड्याचा आणि शंकरपाळ्यांचा डबा अगदी लख्ख, मला वाटलं पोराने आवडीने खाल्लं. दोन दिवसांनी रात्री अंथरुणात हळूच म्हणाला की एक प्रीफेक्ट रोज प्रेप झाल्यावर डबा मागवायचा आणि त्याचे चिखलाचे रग्बी बूटही हाच घासायचा. मी म्हटलं अरे नाही का म्हणाला नाहीस, तर म्हणतो, "आई, तूच सांगितलंस ना मोठ्यांचं ऐकायचं." पोटात खड्डा पडला माझ्या. सोडायला गेले तेव्हा गाडीत खरंच तसं म्हणाले होते मी.

त्यामुळे असं मोघम सांगू नका. प्रीफेक्ट रांगेत उभा राहा म्हणाला तर राहायचं, पण स्वतःचं काम सांगितलं, खाऊ किंवा पैसे मागितले, अंगाला हात लावला, किंवा "कोणाला सांगू नकोस" म्हणाला, की त्याच दिवशी हाउसमास्टरला (मुलांच्या हॉस्टेलचा प्रमुख शिक्षक) नाहीतर मेट्रनला (मुलांची काळजी घेणारी बाई) सांगायचं. ही चहाडी नाही हे तर दहादा सांगा, आपल्या मुलांना तिथेच अडतं.

शाळा बघायला जाल तेव्हा थेट विचारा की प्रीफेक्टना ट्रेनिंग कोण देतं, त्यांना शिक्षा देता येते का, त्यांच्यावर लक्ष कोणाचं. संकोच करू नका, बोर्डिंगच्या नॅशनल मिनिमम स्टँडर्ड्समध्येच (सरकारने ठरवलेले किमान नियम) आहे की प्रीफेक्टची कामं ठरलेली हवीत, स्टाफची देखरेख हवी, अधिकाराचा गैरवापर रोखायची सोय हवी. शिवाय स्टाफबाहेरचा एक इंडिपेंडंट पर्सन लागतो, ज्याच्याशी मुलांना थेट बोलता येतं. चाइल्डलाइनचा (मुलांसाठीची हेल्पलाइन) ०८०० ११११ हा नंबरही पाठ करून घ्या, फुकट लागतो. उत्तरं गुळमुळीत आली तर मी तरी दुसरी शाळा बघेन.

पोराला जास्त त्रास होईल या भीतीने मी हाउसमास्टरला ईमेल करायला चार दिवस लावले, तुम्ही लावू नका. दुसऱ्याच दिवशी फोन आला, त्या मुलाचा बॅज काढून घेतला होता. आणि सगळेच तसे नसतात हो, घरची आठवण येऊन माझा मुलगा रडत होता तेव्हा रात्री शेजारी बसून राहिला तोही प्रीफेक्टच.

रविवारी फोनवर "बरा आहेस ना" विचारलंत तर "हो"च येणार. प्रेपला आज कोण होतं, डबा कोणी कोणी खाल्ला, असं विचारा.