इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याने चित्रपट कसा अभ्यासावा

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी किंवा एम.ए.ला साहित्यकृती आणि तिच्यावर बेतलेला चित्रपट एकत्र अभ्यासाला येतात, तेव्हा आपल्या भागातील बहुतेक मुले मूळ इंग्रजी अवघड वाटते म्हणून आधी चित्रपट पाहतात, कथानक लक्षात ठेवतात आणि परीक्षेत तेच लिहून येतात. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी हा विषय शिकवताना माझे मत असे झाले आहे की क्रम उलटा हवा आणि आवाका लहान हवा. संपूर्ण नाटक आणि संपूर्ण चित्रपट यांची तुलना करायला जाऊ नका. एक प्रवेश निवडा, तो दोनदा मोठ्याने वाचा आणि मगच पडद्याकडे वळा.

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधील दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश घ्या. राजा डंकनचा खून रंगमंचावर होत नाही. आपल्याला दिसतात ती खून करून आलेला माणूस आणि त्याची वाट पाहणारी त्याची बायको. तो विचारतो, काही आवाज ऐकलास का. ती म्हणते, घुबड ओरडले आणि रातकिडे किरकिरले. त्यानंतर ‘केव्हा?’, ‘आत्ता.’, ‘मी उतरत होतो तेव्हा?’, ‘हो.’ अशी तुटक देवघेव होते. रोही आणि रानडुकरांपासून हरभरा राखायला रात्री जागलीला जाणारा एक विद्यार्थी हा प्रवेश ऐकून म्हणाला, “सर, रातकिडे तर रोजच ओरडतात, आपण भ्यालो असलो म्हणजेच ते ऐकू येतात.” त्या ओळीचे मर्म इतक्या थोडक्यात मी कोणत्याही गाइडमध्ये वाचलेले नाही, आणि म्हणूनच आपला अनुभव वर्गाबाहेर ठेवून यायची गरज नाही, असे मी प्रत्येक वर्षी सांगतो.

आता ‘मॅकबेथ’वर बेतलेला विशाल भारद्वाज यांचा 2003 चा हिंदी चित्रपट ‘मकबूल’ पाहा. मॅकबेथच्या जागी मकबूल, त्याच्या बायकोच्या जागी निम्मी आणि डंकनच्या जागी मुंबईच्या गुन्हेगारी जगातले अब्बाजी आहेत, आणि नाटकाने झाकून ठेवलेला खून येथे डोळ्यांसमोर होतो. रक्ताचे शिंतोडे निम्मीच्या अंगावर उडतात. मात्र निम्मी ही मकबूलची बायको नसून अब्बाजींनी ठेवलेली स्त्री आहे. नाटकात मॅकबेथला भविष्य सांगणाऱ्या चेटकिणींच्या जागी कुंडली मांडणारे दोन पोलीस अधिकारी येतात, जे भविष्य सांगून थांबत नाहीत, तर ते घडावे म्हणून हातभारही लावतात. येथे ‘चित्रपट मूळ नाटकाशी प्रामाणिक आहे का’ हा प्रश्न बाजूला ठेवा, कारण त्याचे उत्तर हो किंवा नाही यापलीकडे जात नाही. बदलामुळे काय बदलले, हे विचारा. निम्मीला त्या घरातून सुटायचे आहे, त्यामुळे तिच्या हेतूत सत्तेच्या हव्यासाइतकीच स्वतःच्या सुटकेची धडपड मिसळते आणि पुढे तिला दिसणाऱ्या रक्ताच्या डागांचा अर्थही वेगळा होतो. असे एक निरीक्षण नीट मांडले तर पानभर कथानकापेक्षा ते मोलाचे ठरते.

निवडलेले दृश्य तीन वेळा पाहा: पहिल्यांदा न थांबता, दुसऱ्यांदा आवाज बंद करून, आणि तिसऱ्यांदा मोबाइल पालथा ठेवून केवळ ऐकत. वहीच्या पानावर चार रकाने आखून त्यांत वेळ, काय दिसते, काय ऐकू येते आणि नाटकातली संबंधित ओळ लिहा. कॅमेरा किती जवळ आहे, उजेड कोणत्या बाजूने येतो आणि कट (एक शॉट संपून दुसरा सुरू होणे) नेमका कोणत्या क्षणी पडतो, एवढे टिपता आले तरी सुरुवातीला पुरते. क्लोज-अप (जवळून घेतलेले दृश्य), लाँग शॉट (लांबून घेतलेले दृश्य) यांसारख्या संज्ञा त्या ओघात आपोआप अंगवळणी पडतात. झाडीपट्टी नाटकाचा रात्रभराचा प्रयोग पाहिलेल्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या मुलांना यातला एक फरक चटकन कळतो: तेथे कोणत्या पात्राकडे पाहायचे हे बहुतांशी आपण ठरवतो, पडद्यावर मात्र ते कॅमेरा ठरवतो.

साधनांची अडचण खरी आहे. कापूस वेचणी आणि सत्र परीक्षा यांची गाठ पडते, वीज जाते, रेंज नसते. म्हणून दृश्य आधीच डाउनलोड करून ठेवा आणि शक्य असेल तर महाविद्यालयाच्या प्रोजेक्टरवर चौघांनी मिळून पाहा. मूळ नाटक प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते, आणि महाविद्यालय एन-लिस्टचे (महाविद्यालयांना ई-पुस्तके व नियतकालिके देणारी ऑनलाइन सेवा) सदस्य असल्यास ग्रंथपालांकडून लॉगिन मागून घ्या. जॉर्ज ब्लूस्टोन यांचे 1957 चे आणि लिंडा हचिअन यांचे 2006 चे पुस्तक रूपांतराच्या, म्हणजे साहित्यकृतीवरून चित्रपट करण्याच्या, चर्चेत महत्त्वाचे आहे, परंतु आपली टिपणे पूर्ण झाल्यावरच ती उघडा, नाहीतर आपल्या डोळ्यांनी पाहायचे राहून जाते.

टिपणे मराठीत किंवा वऱ्हाडीत काढली तरी चालतील. उत्तर इंग्रजीत लिहाल तेव्हा पहिल्याच वाक्यात आपले म्हणणे सांगा आणि त्याला आधार म्हणून एक ओळ व एक दृश्य द्या. लिहून झाल्यावर केवळ कथानक सांगणारी वाक्ये पेन्सिलीने अधोरेखित करा आणि ती उत्तराच्या एक तृतीयांशाहून अधिक भरली, तर त्यांतली निम्मी काढून तेथे वहीतल्या रकान्यांमधला मजकूर आणा.